एक सिगरेट आणि पाच लाख डॉलर

समजा, साल आहे २०११ आणि तुम्ही अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात चित्रपट करताय. स्थानिक लोकांचे पगार, हॉटेलं, भाड्याच्या गाड्या, सेटचं लाकूड, जेवणखाण असा सगळा मिळून राज्यात तुमचा एक कोटी डॉलर खर्च होणार आहे. सरकार म्हणतं, त्यातल्या २० टक्क्यांइतकी करसवलत घ्या. झाले वीस लाख. शिवाय चित्रपट सहकुटुंब बघण्याजोगा असेल तर आणखी ५ टक्के. म्हणजे वर पाच लाख.

तुमच्या कथेत एक आजोबा आहेत. नातीचं लग्न होऊन ती सासरी गेलीय, घर एकदम रिकामं झालंय. रात्री ते पायरीवर बसून एक सिगरेट ओढतात. बस, एवढंच दृश्य. पण जादा सवलतीच्या अटींमध्ये धूम्रपान स्पष्ट लिहिलेलं आहे. ते दाखवायचं नाहीच, सूचितही करायचं नाही. आजोबांच्या त्या सिगरेटची किंमत पाच लाख डॉलर.

इथे कुणी बंदी घातलेली नाही. चित्रपट प्रदर्शित होईल, कुणी खटला भरणार नाही. तरीही निर्माता लेखकाला फोन करील आणि विचारील, ‘आजोबा नुसते बसून राहिले तर चालेल का?’ सरकारी पैसा आणि नीतिमूल्यं यांची गाठ कशी पडते, ते या फोनमध्ये दिसतं. हा फोन कायद्याच्या कोणत्या शब्दांमुळे होतो आणि कोणत्या शब्दांमुळे फोनही न होता चित्रपट आधीच मरतो, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे.

आधी एक घोळ दूर करू. सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र आणि प्रोत्साहन योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ अशी प्रमाणपत्रं मिळतात, आणि २०२४ च्या नियमांनंतर ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पेही आले. चित्रपट कुणी बघावा, हे ते प्रमाणपत्र सांगतं. ते नसेल तर थिएटरात चित्रपट लागत नाही. प्रोत्साहन योजनेचा संबंध चित्रपट दाखवण्याशी नसतो. तिचा प्रश्न एकच, सरकार या चित्रपटाच्या खर्चाचा वाटा उचलणार की नाही. म्हणूनच सेन्सॉरवर जेवढी भांडणं होतात, त्याच्या दशांशही इथे होत नाहीत. नकार गुपचूप येतो, आणि बहुतेक वेळा तो यायच्या आधीच लेखकाने दृश्य काढून टाकलेलं असतं.

हा पैसा सरकारं देतात तरी कशाला? चित्रीकरण हा फिरता धंदा आहे. आज इथे, उद्या शेजारच्या राज्यात. दीडशे-दोनशे माणसांचं युनिट दोन महिने एखाद्या गावात राहिलं की खानावळीपासून सुतारापर्यंत सगळ्यांना काम मिळतं. ते युनिट आपल्याकडे यावं म्हणून राज्यं एकमेकांवर बोली लावतात. जॉर्जिया राज्य २० टक्के सवलत देतं आणि चित्रपटात राज्याचं बोधचिन्ह दाखवलं तर आणखी १० टक्के. जॉर्जियाचा हा व्यवहार मला सरळ वाटतो. आमची जाहिरात करा, पैसे घ्या. चिन्ह दिसलं की दिसलं, त्यात मताचा प्रश्न येत नाही.

फ्लोरिडाची अट तशी नव्हती. त्या कायद्यातली ‘कौटुंबिक’ चित्रपटाची व्याख्या अशी होती: सगळ्या पिढ्यांना आवडेल, पाच वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांनी बघण्याजोगा असेल, विषय, आशय आणि भाषा कुटुंबाला साजेशी असेल, कथेतल्या प्रश्नांची उकल जबाबदारीने केलेली असेल, आणि धूम्रपान, लैंगिक कृती, नग्नता किंवा शिवराळ भाषा दाखवलेली वा सूचित केलेली नसेल. निर्णय राज्याच्या चित्रपट आयुक्तांचा, सल्ला एका मंडळाचा. आधी संहिता वाचायची, मग तयार चित्रपट बघायचा.

ही यादी दोनदा वाचली की दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे हिंसेचा त्यात उल्लेखच नाही. सिगरेट नको, पण बंदूक यादीत कुठेच नाही. अर्थात ‘कुटुंबाला साजेशी’ या शब्दांत आयुक्त हिंसा बसवू शकतात, पण धूम्रपानासारखी ती नाव घेऊन लिहिलेली नाही. दुसरी गोष्ट ‘जबाबदारीने उकल’. सिगरेट कुणीही मोजू शकतं. उकल जबाबदार आहे की नाही, हे कशावर मोजायचं? नवऱ्याचा छळ सोसणारी बाई शेवटी घर सोडून गेली, तर ती जबाबदार उकल की बेजबाबदार? फ्लोरिडातले दोन सज्जन गृहस्थ या प्रश्नाची दोन उत्तरं देतील.

२०१० मध्ये हीच यादी आणखी ताणण्याचा प्रयत्न झाला. तोवर कौटुंबिक चित्रपटासाठी जादा सवलत २ टक्के होती. ती ५ टक्के करायचा प्रस्ताव होता, आणि राज्याच्या प्रतिनिधीगृहातल्या विधेयकात त्याच्यासोबत एक नवी अट होती: ‘परंपरेला धरून नसलेली कौटुंबिक मूल्यं’ दाखवणारा चित्रपट या सवलतीला अपात्र. विधेयक मांडणारे सदस्य स्टीफन प्रीकोर्ट यांना पत्रकारांनी समलिंगी पात्रांविषयी विचारलं, तेव्हा अशा गोष्टींत जनतेचा पैसा गुंतवावा असं आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. देशभर गदारोळ झाला. शेवटी जो कायदा झाला त्यात ५ टक्के राहिले आणि ते शब्द गेले.

शब्द गेले हे बरं झालं, असं माझं ठाम मत आहे. पण त्यांच्या बाजूचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कर सगळ्यांकडून घेतला जातो. ज्या बाईला आपल्या मुलांनी काय बघावं याची काळजी आहे, तिचेही पैसे त्यात आहेत. तिने विचारलं की माझ्या पैशातून नेमकं काय बनतंय, तर तो तिचा हक्क आहे. अडचण तिच्या प्रश्नात नाही. तो प्रश्न कायद्याच्या कोणत्या शब्दांत उतरवला जातो आणि त्याचं उत्तर कोणत्या टप्प्यावर मिळतं, अडचण तिथे आहे.

टप्प्याचं महत्त्व कळायला चित्रपटाचे पैसे कसे उभे राहतात ते बघावं लागेल. ‘टॅक्स क्रेडिट’ म्हणजे भरायच्या करातून थेट वजा होणारी रक्कम. गंमत अशी की चित्रपटासाठी काढलेल्या कंपनीला बहुधा तेवढा कर भरायचाच नसतो. मग काही ठिकाणी सरकार फरकाची रक्कम रोख परत करतं, काही ठिकाणी ते क्रेडिट दुसऱ्या करदात्या कंपनीला थोड्या कमी किमतीत विकता येतं. फ्लोरिडात असं हस्तांतर चालत होतं. पण हे सगळं काम संपल्यावर, हिशेब तपासून झाल्यावर. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू असतो. मग निर्माता बँकेकडे जातो आणि सांगतो, सरकारकडून मला अमुक रक्कम येणार आहे, हा त्याचा कागद, यावर आत्ता कर्ज द्या. पेरणीच्या वेळी पुढच्या पिकावर कर्ज काढावं, तसं.

आता बँकेच्या बाजूने बघा. ‘धूम्रपान नको’ या अटीचा धोका तिला मोजता येतो. संहिता वाचली, प्रश्न मिटला. पण चित्रपट पूर्ण झाल्यावर कुणीतरी तो बघून ‘हे आमच्या मूल्यांत बसत नाही’ असं म्हणू शकतं, हा धोका कसा मोजणार? मोजता येत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही, किंवा फार महाग देते. सरकारने एकही चित्रपट नाकारला नाही तरी धाडसी विषयाचे चित्रपट उभेच राहत नाहीत, ते यामुळे.

हे सगळ्यात स्वच्छ दिसलं कॅनडात, २००८ साली. तिथे पात्र चित्रपटाला कलाकार-तंत्रज्ञांच्या मेहनतान्याच्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रीय करसवलत मिळते. ती मिळण्यासाठी दोन प्रमाणपत्रं लागतात, एक सुरुवातीला आणि एक चित्रपट पूर्ण झाल्यावर. कोणत्या प्रकारच्या निर्मितीला सवलत नाही याची यादी नियमांत आधीपासून होती: बातम्या, खेळांचं प्रक्षेपण, जाहिराती, अश्लील चित्रपट वगैरे. यादीविषयी फारशी तक्रार नव्हती. काय बसतं आणि काय नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग सी-१० नावाचं विधेयक आलं. करकायद्यातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांचं, शेकडो पानांचं. त्यात एक छोटी तरतूद अशी होती की, एखाद्या निर्मितीला सरकारी पैसा देणं ‘सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध’ असेल, तर मंत्री प्रमाणपत्र नाकारू शकतील. कनिष्ठ सभागृहात विधेयक कुणाच्या फारसं लक्षात न येता मंजूरही झालं. २००८ च्या फेब्रुवारीत, ते सिनेटमध्ये असताना, ही ओळ बाहेर आली. चार्ल्स मॅकव्हेटी या ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्या पाठपुराव्याचं हे फळ आहे. अभिनेत्री-दिग्दर्शिका सारा पॉली विरोधात उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे चित्रपटसृष्टी.

विरोध फक्त अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने झाला असता तर तो कदाचित विरला असता. सिनेटच्या समितीसमोर धंद्याचा हिशेब मांडला गेला, तो निर्णायक ठरला असं मला वाटतं. चित्रपट पूर्ण झाल्यावर मंत्री सवलत नाकारू शकत असतील, तर सुरुवातीला मिळालेल्या कागदावर कर्ज कोण देईल? आणि एकदा ही शंका शिरली की ती बिभत्स चित्रपटापुरती राहत नाही, साध्या प्रेमकथेच्या कर्जालाही चिकटते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीच्या प्रचारात, पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ती तरतूद मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

टेक्सासमध्ये मात्र असा शब्दप्रयोग कायद्यात आहे आणि टिकलाही आहे. तिथल्या योजनेत सरकार ‘अयोग्य आशय’ किंवा ‘टेक्सासचं वा तिथल्या लोकांचं नकारात्मक चित्रण’ या कारणांवरून अर्ज नाकारू शकतं. रॉबर्ट रॉड्रिगेझ हा ऑस्टिनचा, तिथेच स्टुडिओ चालवणारा, तिथल्याच लोकांना काम देणारा दिग्दर्शक. त्याचा ‘मशेटी’ २०१० मध्ये आला. त्यात स्थलांतरितांच्या जिवावर उठलेला टेक्सासचा एक राजकारणी आहे. प्रदर्शनाच्या आधी एका ट्रेलरवरून मोठा वाद झाला, आणि चित्रपट लागून गेल्यावर राज्याच्या चित्रपट आयोगाने अनुदान नाकारलं. रक्कम होती १७ लाख डॉलरांहून जास्त. निर्माते न्यायालयात गेले. संहिता आधी दाखवली होती, हिरवा कंदीलही मिळाला होता, असं त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयात ते हरले.

या प्रकरणात मला चित्रपटाच्या दर्जात रस नाही. पैसा टेक्सासमध्ये खर्च झाला होता, ज्या रोजगारासाठी योजना होती तो रोजगार लोकांना मिळून गेला होता, आणि त्यानंतर नकार आला. हाच नकार संहितेच्या टप्प्यावर, कारणांसह आला असता, तर निर्मात्याने दृश्य बदललं असतं, दुसरं राज्य गाठलं असतं किंवा सवलतीविना चित्रपट केला असता. निवड त्याच्या हातात राहिली असती. २०२५ मध्ये टेक्सासने ही योजना प्रचंड वाढवली: दर दोन वर्षांना ३० कोटी डॉलर, दहा वर्षांत एकूण १५० कोटी. त्यात श्रद्धाविषयक चित्रपटांना थोडं जादा अनुदान देण्याचीही सोय आहे.

टेक्सासच्या कायद्यात आणखी एक वाक्य आहे. निर्णय घेताना ‘शालीनतेचे सर्वसाधारण निकष आणि नागरिकांच्या विविध श्रद्धा व मूल्यांविषयी आदर’ विचारात घ्यावा, असं ते सांगतं. हे शब्द उसने आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय कला निधीच्या कायद्यात १९९० मध्ये जवळजवळ हेच शब्द घातले गेले होते. कॅरन फिन्ली आणि आणखी तीन रंगकर्मींनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तरतूद वैध ठरवली. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचं म्हणणं असं की, कायदा हे निकष फक्त ‘विचारात घ्या’ म्हणतो, अमुक मताच्या कलेला पैसे देऊ नका असं म्हणत नाही. नावडत्या मतांना शिक्षा म्हणून अनुदान वापरलं गेलं, तर ते वेगळं प्रकरण ठरेल, असंही त्यांनी लिहून ठेवलं. न्यायमूर्ती स्कालिया निकालाशी सहमत, पण कारणाशी नाही. तरतूद सरळसरळ मतांत भेद करते आणि सरकारला तसा अधिकार आहेच, कारण पैसे न देणं म्हणजे तोंड दाबणं नव्हे, असं त्यांचं मत.

त्याआधी ११ वर्षं, १९८७ मध्ये, याच न्यायालयाने अर्कान्सा राज्याचा एक कर रद्द केला होता. तिथे धार्मिक, व्यावसायिक आणि क्रीडाविषयक नियतकालिकांना विक्रीकर माफ होता, इतर मासिकांना नव्हता. मजकूर वाचून कर ठरवणं घटनेत बसत नाही, असा निकाल झाला. म्हणजे मोजक्या पैशाची स्पर्धा असलेलं अनुदान ही एक गोष्ट, आणि सगळ्यांना लागू असलेला कर मजकूर बघून कुणाला तरी माफ करणं ही दुसरी. चित्रपटांचं टॅक्स क्रेडिट या दोन्हींच्या मधोमध लोंबकळतं. नावाने ते कर, वागण्याने अनुदान. वाद संपत नाहीत त्याचं एक कारण हेही आहे.

मूल्यांची परीक्षा न घेता संस्कृतीची अट घालता येत नाही का? येते. ब्रिटनमध्ये चित्रपटाची सांस्कृतिक चाचणी असते, ३५ पैकी १८ गुण मिळवायचे. कथा कुठे घडते, प्रमुख पात्रं कुठली, भाषा कोणती, तंत्रज्ञ कुठले, अशा गोष्टींना गुण. निर्माता घरी बसून स्वतःची बेरीज करू शकतो, आणि त्याची बँकही.

आता आपल्याकडे. ‘टॅक्स फ्री’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. शाळेने रांगेने नेऊन दाखवलेले करमुक्त चित्रपट अनेकांना आठवत असतील. करमणूक कर राज्याचा होता, तेव्हा ही माफी जड होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि चित्र बदललं. आजच्या दराने १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, त्यातला राज्याचा वाटा अर्धा. मूळ २०० रुपयांच्या तिकिटावर ३६ रुपये कर, त्यातले राज्याच्या हातातले १८. राज्याने चित्रपट करमुक्त केला, तर त्या १८ रुपयांचा प्रश्न असतो. बाकीचा कर तसाच राहतो.

इथे निर्णय चित्रपट तयार झाल्यावर, बहुतेक वेळा लागल्यावर होतो. त्यामुळे त्याच चित्रपटाच्या संहितेवर त्याचा परिणाम होत नाही, कर्जावर तर नाहीच. ती सरकारची जाहीर शाबासकी असते. मे २०२३ मध्ये ‘द केरला स्टोरी’वर पश्चिम बंगालने बंदी घातली आणि त्याच आठवड्यात उत्तर प्रदेशाने तो करमुक्त केला. बंगालच्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने दहा दिवसांतच स्थगिती दिली. चित्रपट एक, सेन्सॉरचं प्रमाणपत्र एक आणि दोन सरकारांचे निर्णय दोन टोकांचे. करमुक्तीचे निकष आधी लिहून ठेवलेले नसले की पुढच्या निर्मात्याला त्यातून एवढंच कळतं, की कोणत्या राज्यात कोणता विषय आवडतो.

करात भेद करण्याला आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मर्यादा घातली आहे. आंध्र प्रदेशात तेलुगू चित्रपटांना १० टक्के आणि इतर भाषांतल्या चित्रपटांना २४ टक्के करमणूक कर होता. २००७ मध्ये न्यायालयाने तो भेद रद्द केला. तो वाद भाषेचा होता, नीतीचा नव्हता. पण कर वेगवेगळा घ्यायचा तर त्याला पटेल असं कारण सरकारला दाखवावं लागतं, हे त्यातून ठरलं.

महाराष्ट्राच्या मराठी चित्रपटांसाठीच्या अनुदान योजनेतही निर्णय नंतरच होतो. चित्रपट पूर्ण होतो, समिती बघते, गुण देते. ७१ आणि त्याहून जास्त गुण मिळाले तर ‘अ’ दर्जा आणि ४० लाख रुपये, ५१ ते ७० गुणांना ‘ब’ दर्जा आणि ३० लाख. पन्नासला अडकलेल्या चित्रपटाला काही नाही. छोट्या मराठी निर्मात्याच्या खर्चात ३०-४० लाख हा फार मोठा आकडा असतो, आणि अनेकजण तो मनाशी धरूनच हातउसने आणि व्याजाने पैसे उचलतात. त्यांच्यासाठी ४९ गुण की ५१, यावर घर राहतं की जातं ते ठरतं. म्हणून उद्या या किंवा कुठल्याही राज्याच्या योजनेत ‘सामाजिक मूल्यं’, ‘संस्कारक्षम’, ‘कुटुंबवत्सल’ असा शब्द आलेला दिसला, तर निर्मात्याने त्याच दिवशी लेखी विचारावं: या शब्दाला किती गुण आहेत, ते कोण देणार, आणि मी पहिला रुपया खर्च करण्याआधी मला ते कळणार का?